दिवस भरलेली बाई

पुष्पलता सावे मुंबईहून चिंचणीला परत आली तेव्हा गाडीत तिच्यामागे दोन पत्र्याच्या पेट्या होत्या. साव्यांची मुलगी चार वर्षं मुंबईत शिकली, आता लग्नाचंच सामान घेऊन आली असणार, असं आळीतल्या बायकांनी ठरवूनही टाकलं होतं. दुसऱ्या दिवशी दोघीतिघी बघायला आल्या. पुष्पलतानं झाकण उघडलं, तर आत रद्दीच्या कागदात गुंडाळलेले प्लॅस्टरचे हात, एक मोठा कान आणि डोळे मिटलेल्या म्हाताऱ्याचं डोकं. एक बाई तर ओरडलीच. तिथून पुढे गावात तिचं नाव पडलं ‘मुंडकीवाली’.

हे १९६३ सालचं. आई अंथरुणाला खिळली म्हणून ती आली होती. आई दोन महिन्यांत गेली आणि घरात बाबा एकटे उरले. बाबा म्हणजे नरहरी सावे, चार एकर वाडीचे मालक. नारळ, केळी, थोडी पानवेल. मुलीला मुंबईच्या कलाशाळेत घालायचा हट्ट आईचा होता. बाबांनी त्याला होही म्हटलं नव्हतं, नाहीही म्हटलं नव्हतं. आता आई नव्हती आणि त्यांनी पुष्पलताला परत जा असंही म्हटलं नाही, राहा असंही म्हटलं नाही. एक दिवस मात्र वाडीच्या टोकाची, केळीचे घड पिकत ठेवायची कौलारू पडवी त्यांनी गड्याकडून झाडून घेतली, कुंभाराकडून दोन गाड्या माती आणून टाकली आणि जेवताना एवढंच म्हणाले, “तिकडे उजेड बरा येतो.”

पुष्पलताला मूर्तिकलेत सर्वांत चांगलं काय जमत होतं, तर हात आणि चेहरे. अख्खं माणूस उभं करायला गेली की फसायचं. तिचे मास्तर मुंबईत एकदा तिच्या मातीच्या बाईभोवती फिरले आणि म्हणाले होते, “पुष्पलता, ही बाई उभी नाहीये. हिला कोणीतरी उभी केलीये.” वर्गातले सगळे हसले होते. तिला ते हसणं चार वर्षांत विसरता आलं नाही. पडवीत तिनं पहिल्या वर्षात तीन बायका उभ्या केल्या आणि तिन्ही मोडून माती परत पिंपात टाकली.

मग पुढच्या वर्षी पावसाळा सरल्यावर जमना भेटली.

जमना तशी रोजचीच. किनाऱ्यावरच्या मांगेलआळीतली, नवशा तांडेलाची बायको. सकाळी बंदरावर मासळी घ्यायची, पाटी डोक्यावर घेऊन चिंचणीच्या आळ्या फिरायच्या, उरलेली तारापूरला नेऊन विकायची. साव्यांच्या मागच्या दारी तिची हाक ठरलेली. त्या दिवशी तिनं पाटी ओट्यावर उतरवली, दोन्ही हात कमरेमागे नेऊन टेकवले आणि पोट पुढे काढून क्षणभर उभी राहिली. सातवा महिना लागला होता. उन्हात लुगड्याचा ओलसर पदर अंगाला चिकटला होता. पुष्पलता मांदेली घ्यायला ताट घेऊन आली होती, ती ताट हातात घेऊन तशीच उभी.

“काय ताई? ताजी हाय मासली. वास घेऊन बघा.”

“जमना, तू माझ्यासमोर अशी तासभर उभी राहशील? रोज?”

जमनाला आधी कळलंच नाही. पडवीत नेऊन पुष्पलतानं तिला माती दाखवली, सळ्यांचा सांगाडा दाखवला, म्हाताऱ्याचं डोकं दाखवलं. जमना त्या डोक्याला न घाबरता त्याच्या नाकाला बोट लावून हसली.

“म्हंजे माजी बावली करनार तुमी?”

“हो.”

“तोंड माजं नका करू हां. आनि आमच्या घरी कुनाला नका सांगू.”

“नाही करणार. नाही सांगणार.”

ती का तयार झाली, याचं पुष्पलताला पुढे पुष्कळ दिवस नवल वाटत राहिलं. नारळपाणी मिळायचं, सावली मिळायची, हे तर होतंच. पण तिसऱ्या-चौथ्या दिवशी जमना स्वतःच बोलून गेली, “घरात कोन बघतं माजेकडं? सासू बघते ती पोटाकडं. पोरगा हाय का पोरगी, एवढंच. तुमी बघता तेवा सगली बघता. पाय पन बघता.” घरात तिला चार वर्षांची शकू होती, आणि सासू रत्नाबाई नातवासाठी डोळे लावून बसली होती.

काम जवळजवळ महिनाभर चाललं. रोज पाटी अर्धी विकून झाली की जमना वाडीच्या मागच्या वाटेनं यायची. पुष्पलतानं बाई साडेतीन फुटांची धरली होती. लुगडं तिनं ठेवलंच नाही. कापडाच्या जागी मातीचेच लांब, सपाट उतार काढले, डोकं लहान ठेवलं आणि चेहऱ्याच्या जागी नुसता गुळगुळीत फुगवटा. जमना अंगावरच्या लुगड्यानिशी उभी असायची आणि पुष्पलताच्या बोटांखाली तिच्या अंगाचा नुसता भार उतरत जायचा. दिसायला सगळं बरोबर होतं. तरी रोज शेवटी दोन पावलं मागे जाऊन पाहिलं की मास्तरांचं वाक्य तिला ऐकू यायचं. बाई उभी केल्यासारखीच दिसत होती.

आठवा महिना लागल्यावर एका सकाळी जमना आली ती जरा उशिरा. पाटी उतरवताना तिनं खांबाचा आधार घेतला.

“ताई, आज कंबर लय भरून आलीय. उद्या करू?”

पुष्पलता नाही म्हणणार नव्हतीच. ती ‘बस’ असं म्हणायला वळली आणि तिनं पाहिलं. जमनाचा सगळा भार एका टाचेवर गेला होता. एक खांदा खाली उतरला होता, मान किंचित मागे पडली होती, आणि कमरेवरचे हात आता टेकवलेले नव्हते, ते आतून काहीतरी धरून ठेवत होते. महिनाभर मातीत नसलेलं ते हेच.

“थोडंच राहिलंय, जमना,” ती म्हणाली. “अशीच राहा. अशीच.”

तिनं मातीचा खांदा सुरीनं कापून काढला आणि खाली बसवला. टाच बदलली. पाठीच्या कण्याला पुन्हा वळण दिलं. तिला घाम आला होता आणि ती आनंदात होती, इतकी की मुंबई सोडल्यापासून तसा आनंद तिला झाला नव्हता. मध्ये जमना एकदा म्हणाली, “ताई, झालं?” आणि पुष्पलता म्हणाली, “झालंच.” मग पुन्हा एकदा विचारलं, आणि पुन्हा तेच उत्तर. सावली खांबापासून पायरीपर्यंत सरकली तेव्हा कुठे तिनं हात खाली घेतले. दीड तास तरी झाला असेल.

जमना खाली बसली. तिचे ओठ पांढरे पडले होते. पुष्पलतानं पाणी दिलं, तेही डोळे मातीवर ठेवूनच. जमना पाणी प्यायली, थोडा वेळ बसली, पाटी डोक्यावर घेतली आणि निघून गेली. तिला फाटकापर्यंत सोडायला जावं असं पुष्पलताच्या मनातही आलं नाही. ती बाईभोवती फिरत होती. बाई उभी होती.

त्यानंतर जमना आली नाही. चौथ्या दिवशी मागच्या दारी दुसरीच कोणी आली, चंद्रकांता नावाची, जमनाच्या शेजारघरची. तिनं पाटी उतरवायच्या आधीच सांगितलं, “जमनाचं पोर गेलं, ताई. मेलेलंच जन्मलं. पोरगा होता.”

“कधी?”

“परवा पहाटं. सुईन बोलली, आतच दोन दिवस झाले असतील.”

पुष्पलता दारातच बसली. परवा पहाटेमागे दोन दिवस म्हणजे कुठला दिवस, हे तिला मोजावं लागलं नाही.

तिनं मांगेलआळीत जायला हवं होतं. दहा-पंधरा मिनिटांची वाट. साडी बदलून ती निघालीही, आणि फाटकापाशी पोचल्यावर तिला वाटलं, जाऊन काय सांगणार? उभी का ठेवली होती म्हणून सांगणार? ती परत फिरली आणि पडवीत गेली. ओल्या फडक्याखाली बाई वाट बघत होती. माती कडेनं सुकायला लागली होती, पोटावर केसासारखी एक बारीक भेग दिसत होती. दोन दिवसांत साचा घेतला नाही तर मूर्ती जाईल, असं तिनं स्वतःला सांगितलं. ते खरंही होतं. तिनं प्लॅस्टर भिजवलं.

साचा निघाल्यावर आतली माती खरवडून काढावी लागते. दोन दिवसांनी ती माती पडवीच्या कोपऱ्यात ढिगानं पडली होती आणि साच्यातून निघालेली प्लॅस्टरची पांढरी बाई पलीकडच्या भिंतीशी पोत्यांखाली सुकत होती. त्याच सकाळी फाटक वाजलं. रत्नाबाई पुढे आणि नवशा मागे.

रत्नाबाई वाडीत कधी आली नव्हती. ती ओट्यापाशी न थांबता सरळ पडवीकडे चालत गेली. बाबा केळीत पाणी सोडत होते, ते फावडं टाकून मागोमाग आले.

“कुठं हाय ती?” रत्नाबाईनं विचारलं. “माजी सून पोटुशी असताना तिची बावली केलीस. ओल्या कापडात बांधून ठेवलीस. पोर जाईल कुठं? पोर मातीत अडाकलं.”

“आये, जरा हळू,” नवशा म्हणाला. तो पुष्पलताकडे बघत नव्हता. “ताई, जमनानं सांगितलं आमाला. ती बावली मोडून टाका. आयेला बरं वाटल. बाकी आमचं काय मागनं नाय.”

पुष्पलतानं कोपऱ्यातल्या ढिगाकडे बोट केलं. “मोडली,” ती म्हणाली.

त्या ढिगात पोटाचा एक तुकडा अजून पोटासारखाच दिसत होता. रत्नाबाई त्याच्यापाशी उकिडवी बसली. तिनं तो उचलला, दोन्ही हातांत धरून पाहिला आणि मग पदराच्या टोकात घट्ट बांधला.

“दर्यात सोडते,” ती म्हणाली. तिचा आवाज एकदम खाली आला होता. “पान्यात सुटल.”

दोघं गेली. पोत्यांखालच्या उंचवट्याकडे त्यांचं लक्षही गेलं नाही. बाबांचं गेलं होतं.  नंतर जेवायला बसल्यावर त्यांनी ताटाकडे बघत सांगितलं, “ती इथे नको ठेवूस.”

तिनं ती मुंबईला पाठवली.

काळाचौकीजवळ एका गल्लीत एकनाथ ओतारी म्हणून साठीचे कारागीर होते. देवांच्या मूर्ती, घंटा, कारखान्यांचे लहानमोठे भाग असं सगळंच ते ओतून द्यायचे, आणि कलाशाळेतले विद्यार्थी त्यांच्याचकडे जायचे. पुष्पलताची बाई त्यांनी पुढल्या हिवाळ्यात ओतायला घेतली. प्लॅस्टरवरून मेणाची बाई झाली, आतून पोकळ, बोटभर जाडीची. पोकळीत माती-विटकरीचा गाभा, बाहेरून पुन्हा मातीचं जाड आवरण. भट्टीत मेण वितळून वाहून गेलं आणि त्या जागी ब्राँझ गेलं. चार दिवसांनी आवरण फोडलं तेव्हा पुष्पलता तिथंच होती. एकनाथमामांनी सळीनं आतला गाभा टोकरून काढला आणि मग कानस हातात घेऊन त्या काळवंडलेल्या बाईकडे नुसते बघत बसले.

“ताई, राग मानू नका,” ते म्हणाले. “ही बाई दुखण्यात आहे.”

“असं का म्हणता?”

“मला पाच पोरं. कळा कशा येतात ते खोलीच्या बाहेर बसून पाहिलंय.” त्यांनी खाली उतरलेल्या खांद्यावर बोट ठेवलं. “हे मुद्दाम केलंत?”

“हो,” पुष्पलता म्हणाली. त्या एका शब्दानंतर तिला तिथं थांबवेना. ती बाहेर गल्लीत जाऊन उभी राहिली.

हे दुसऱ्या कोणाच्याही लक्षात आलं नाही. मुंबईत दरवर्षी भरणाऱ्या मोठ्या प्रदर्शनात ‘उभी, ब्राँझ’ एवढीच चिठ्ठी लावून बाई ठेवली गेली आणि तिला पदक मिळालं. मास्तर पुन्हा एकदा मूर्तीभोवती फिरले, पण या खेपेला काही न बोलता पुष्पलताच्या डोक्यावर हात ठेवून निघून गेले. वर्तमानपत्रात फोटो आला. खाली कोणा समीक्षकानं लिहिलं होतं की मातृत्वाचा असा शांत अभिमान आपल्या शिल्पकलेत क्वचितच दिसतो. पुष्पलतानं ते वाक्य तीनदा वाचलं. दिल्लीहून पत्र आलं, पुढच्या वर्षीच्या प्रदर्शनासाठी दोन मूर्ती द्या म्हणून. चिंचणीच्या वाचनालयात तो फोटो फळ्यावर लागला. ‘मुंडकीवाली’ म्हणायचं लोकांनी सोडून दिलं.

फोटो लागला त्याला पंधरा दिवस झाले असतील. जमना मागच्या दारी आली. सव्वा वर्षानंतर. डोक्यावर पाटी नव्हती. अंगानं उतरली होती, डोळ्यांखाली काळं आलं होतं. ती ओट्यावर बसली नाही.

“मोडली, असं बोलला होता ना तुमी?”

पुष्पलताला खोटं सुचलं नाही. सुचलं असतं तर तिनं ते सांगितलंही असतं, हे तिला नंतर स्वतःशी कबूल करावं लागलं.

“माती मोडली होती,” ती म्हणाली. “साचा घेतला होता आधी. त्यातली प्लॅस्टरची बाई पोत्यांखाली होती. तेव्हा, तुझी सासू आली तेव्हा.”

“मंग तेवाच का नाय सांगितलं?”

“भ्यायले.”

जमनानं मान हलवली, जशी मासळीचा भाव पटला नाही की हलवायची तशी. “मना बघायचीय ती,” ती म्हणाली. “नवशाला नाय सांगितलं. बहिनीकडं जाते बोलले. उद्याच.”

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीनं दोघी बोईसरला आल्या. तारापूरच्या वीजकेंद्राचं काम जोरात चालू होतं. स्टेशनाबाहेर ट्रक उभे होते आणि परगावचे मजूर ओळीनं बसून हिंदीत गप्पा मारत चहा पीत होते. गाडीत जमना खिडकीशी बसली आणि दादरपर्यंत बाहेरच बघत राहिली. पुष्पलतानं दोनदा बोलून पाहिलं. एकदा शकूबद्दल विचारलं, तेव्हा “बरी हाय” एवढंच उत्तर आलं.

प्रदर्शनाच्या दालनात दुपारी फारसं कोणी नव्हतं. बाई मधल्या चौथऱ्यावर होती. एकनाथमामांनी चढवलेला तिचा तपकिरी-हिरवा रंग वरच्या झरोक्यातल्या उजेडात दिसत होता. जमना दारातच थांबली. मग पायातल्या चपला काढून हातात घेतल्या आणि पुढे गेली. ती बाईभोवती एक पूर्ण चक्कर फिरली, पाठीमागे जास्त वेळ थांबली. मग खांद्याकडे बघितलं, टाचेकडे बघितलं.

“ह्यो त्योच दिवस ना?” तिनं विचारलं. “शेवटचा.”

“हो.”

“मी सांगितलं होतं तुमाला.”

“सांगितलं होतंस.”

“मंग सोडलं का नाय?”

पुष्पलतानं या प्रश्नाचं उत्तर सव्वा वर्ष शोधलं होतं.  शेवटी ती म्हणाली, “तू तशी उभी राहिलीस तेव्हाच मला दिसलं. मग मला बाकी काही दिसलंच नाही. तू पण नाही.”

जमनानं हात पुढे केला आणि तळवा ब्राँझच्या पोटावर ठेवला. कोपऱ्यातल्या खुर्चीवरून शिपाई उठला, “हात लावू नका बाई,” म्हणून ओरडला. पुष्पलतानं त्याच्याकडे पाहिलं, तसा तो पुन्हा बसला. जमनानं हात काढलाच नव्हता. तिनं बोटांच्या सांध्यांनी हळूच वाजवून पाहिलं, नारळ वाजवून बघतात तसं.

“आत काय हाय?”

“काही नाही. पोकळ असतं.”

“काय पन नाय?”

“नाही.”

जमनाचा हात तसाच राहिला. मग ती मागे सरली, चपला खाली ठेवून पायात घातल्या आणि चौथऱ्यावरच्या चिठ्ठीकडे बघून म्हणाली, “हितं काय लिवलंय?”

पुष्पलतानं वाचून दाखवलं. “पुष्पलता नरहरी सावे. उभी. ब्राँझ.”

“माजं नाय?”

“तूच म्हणाली होतीस ना, तोंड नको म्हणून. कोणाला सांगू नको म्हणून.”

“तोंड नको बोलले,” जमना म्हणाली. “नाव नको, असं कवा बोलले?”

परतीच्या गाडीत मात्र ती बोलली. पालघर मागे गेल्यावर, बाहेर बघत, कोणालाच उद्देशून नसल्यासारखी. “सासू बोलते मातीनं खाल्लं. मी नाय तसं बोलत. त्या दिशी तुमच्याकडनं निघाले, ती पाटी घेऊन तारापूरपरयंत गेले. संध्याकालला आले नि वालत घातलेले बोंबील काढले वलांडीवरचे. त्याच्या आदल्या दिशी पन तसंच. कशानं गेलं ते देवाला ठावं. तुमाला नाय, मना नाय.” ती पुढे म्हणाली, “पन तुमी सोडायला हवं होतं.”

“हो,” पुष्पलता म्हणाली.

बोईसरला उतरल्यावर जमना तिच्याबरोबर एसटीत बसली नाही. कोणी ओळखीची भेटेल, म्हणून मागच्या गाडीनं येते म्हणाली.

दुसऱ्या सकाळी पुष्पलता मांगेलआळीत गेली. सव्वा वर्षापूर्वी फाटकातून परत फिरली होती ती वाट. रत्नाबाई वलांडीखाली बसून सुके बोंबील जुळवत होती. जमना घरात नव्हती, बंदरावर गेली होती, आणि पुष्पलतानं ती वेळ मुद्दामच धरली होती. ती वाळूवर बसली आणि सगळं सांगितलं. साचा, पोती, मुंबई, पदक. जमना मुंबईला येऊन गेली तेवढं सोडून सगळं.

रत्नाबाईचे हात मध्येच थांबले.

“मंग मी दर्यात काय सोडलं?”

“ती मातीच होती तिची. खोटी नव्हती. पण मूर्ती राहिली होती.”

आजूबाजूच्या बायका कान देऊन ऐकत होत्या. शिव्या मिळतील, कदाचित बोंबलांची जुडी अंगावर येईल, अशी पुष्पलताची तयारी होती.  रत्नाबाईनं पुन्हा जुडी बांधायला घेतली.

“उठ इथनं,” ती म्हणाली. “आनि आमच्या दारात परत येऊ नको. बावलीसाठी कुनाची सून हवी असल तर दुसरीकडं बघ.”

पुष्पलता उठली.

तिनं प्रदर्शनवाल्यांना पत्र लिहिलं की मूर्तीचं नाव बदलून ‘जमना’ करावं. त्यांचं उत्तर आलं: पुस्तिका छापून झाली आहे, आणि शिवाय अशा सार्वत्रिक भावनेच्या शिल्पाला एका व्यक्तीचं नाव देणं त्याच्या हिताचं ठरणार नाही. पुढे एका संग्रहालयानं मूर्ती घेतली, त्यांनाही तिनं लिहिलं. तिथून तीन महिन्यांनी दोन ओळी आल्या, नोंद घेतली आहे म्हणून. नोंद कुठं घेतली ते तिला कधीच कळलं नाही. दिल्लीला दोन मूर्ती पाठवायच्या होत्या त्या तिनं पाठवल्या नाहीत. पाठवायला काही नव्हतंच. पिंपातली माती तिनं भिजवली, सांगाडा उभा केला, आणि समोर उभं राहायला कोणाला बोलवायची वेळ आली की ती मातीवर ओलं फडकं टाकून घरात यायची.

सदुसष्टच्या जूनमध्ये तिनं पालघरला मुलींच्या शाळेत चित्रकलेची नोकरी धरली. सोमवारी जायची, शनिवारी यायची. त्याच सुमारास नवशानं होडीतला वाटा सोडला आणि वीजकेंद्राच्या बांधकामावर लागला. बिऱ्हाड बोईसरकडे सरावलीला हललं. रत्नाबाई गेली नाही, ती आळीतच राहिली. हे चंद्रकांतानं सांगितलं. जमना आता तिथल्या मजुरांना भाकरी आणि सुक्याचं कालवण करून घालते, तिला गेल्या वर्षी मुलगी झाली, हेही तिनंच सांगितलं. एकदा बोईसर स्टेशनवर पुष्पलतानं तिला लांबून पाहिलं. कडेवर मूल होतं, ती कोणाशी तरी मोठमोठ्यानं हसत बोलत होती. पुष्पलता हाक मारायला दोन पावलं पुढे गेली आणि मग फलाटावरच्या बाकावर जाऊन बसली. जमनानं पाहिलं की नाही, कोण जाणे.

अडुसष्ट सालच्या दिवाळीच्या सुट्टीत तिनं पुन्हा माती हातात घेतली. समोर बसायला बाबांना सांगितलं. ते आता सत्तरीला आले होते. स्टुलावर ताठ बसले, टोपी सारखी केली. दहा मिनिटं झाली की ती म्हणायची, “बाबा, उठा. जरा फिरून या.” ते म्हणायचे, “मला काही झालेलं नाही, कर तू.” ती हात पुसून उभीच राहायची, ते उठेपर्यंत. एके दिवशी दुपारी बसल्या बसल्या त्यांचा डोळा लागला आणि मान छातीवर आली. चेहरा असा सैल, असा उघडा तिनं कधी पाहिला नव्हता. तिचा हात मातीकडे गेला. मग तिनं त्यांना हलवून जागं केलं आणि आत जाऊन पडायला लावलं.

डोकं पुरं झालं. नाक बरोबर होतं, कान बरोबर होते, बघणारा लगेच म्हणाला असता, हे नरहरी सावे. तिनं ते एकनाथमामांकरवी प्रदर्शनाला पाठवलं. ते परत आलं, सोबत छापील चिठ्ठी. एकनाथमामांनी तिला एक पोस्टकार्ड लिहिलं होतं: डोकं आमच्याकडे काही दिवस होतं, काम स्वच्छ आहे, पण ताई, तुमचा हात आखडलाय.

कार्ड तिनं बाबांना वाचून दाखवलं. 

“आखडलाय का?” त्यांनी विचारलं.

“मीच आखडून धरला होता बहुतेक.”

“सुटेल?”

तिला माहीत नव्हतं. सुटावा असं वाटतं का, हेही तिला नीट सांगता आलं नसतं. सोमवारी सकाळी पालघरची गाडी होती. सातवीच्या मुलींच्या वह्या तपासायच्या राहिल्या होत्या. ती वह्या घेऊन ओट्यावर बसली.